पॅनेलमध्ये मेन स्विच कुठे बसवायचा: नवख्यांसाठी पायरीपायरीने

नवखा माणूस पॅनेलचा लेआउट काढायला बसला की आधी पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) मांडतो. मग ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण), काँटॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), रिले, टर्मिनल. सगळं नीट बसलं की उरलेल्या कोपऱ्यात मेन स्विच कोंबतो. मीही तेच करायचो. सुरुवातीच्या एका पॅनेलमध्ये मी हँडल तळापासून १.८५ मीटरवर दाखवलं होतं. कागदावर ते नियमात बसत होतं. साइटवर पॅनेल १०० मिलिमीटरच्या प्लिंथवर (पॅनेलखालच्या बैठकीवर) चढलं, प्लिंथखाली कुणीतरी ७५ मिलिमीटरचा चॅनल घातला आणि हँडल दोन मीटरच्या वर गेलं. तिथला ऑपरेटर उंचीने कमी होता. तो रोज स्टूल ओढून मशीन बंद करायचा. शेवटी दार बदलावं लागलं, आणि त्याआधी स्विच खाली घेण्यासाठी निम्मी माउंटिंग प्लेट उसवावी लागली.

तेव्हापासून माझा क्रम उलटा आहे. कोऱ्या प्लेटवर पहिला येतो तो इनकमर, म्हणजे मेन स्विच, आणि त्याच्याभोवती बाकी सगळं. या लेखात आयसोलेटर, डिस्कनेक्ट, मेन स्विच हे शब्द मी एकाच अर्थाने वापरतोय: पॅनेलला येणारा पुरवठा हाताने तोडणारा, बंद स्थितीत कुलूप घालता येणारा स्विच.

पायरी १: जागा ठरवण्याआधी स्विच ठरवा

स्विचचा आकार, शाफ्टची लांबी, वर-खाली सोडायची मोकळी जागा हे सगळं मॉडेलवर अवलंबून असतं. म्हणून निवड आधी. मशीनच्या विजेबद्दलचं मानक आहे आयईसी ६०२०४-१. त्यानुसार हा स्विच आयईसी ६०९४७-३ चा स्विच-डिस्कनेक्टर असेल तर तो किमान एसी-२३बी किंवा डीसी-२३बी वर्गाचा हवा (स्विच कोणत्या प्रकारचा भार तोडू शकतो ते हा वर्ग सांगतो; २३ म्हणजे मोटरसारखा भार). त्याऐवजी आयसोलेशनसाठी योग्य असा सर्किट ब्रेकरही चालतो. नुसतं ‘६३ अँपिअर’ वाचून स्विच उचलू नका. कॅटलॉगमध्ये एकाच स्विचसमोर एसी-२१, एसी-२२, एसी-२३ अशी वेगवेगळी अँपिअर दिलेली असतात, आणि ठळक अक्षरांत छापलेला आकडा बहुधा त्यातला सर्वांत मोठा असतो.

फरक किती पडतो ते एका उदाहरणात बघू. ४०० व्होल्टवर १५, ५.५ आणि ४ किलोवॅटच्या तीन मोटर आहेत. चालू असताना त्या साधारण २९, ११ आणि ८ अँपिअर घेतात, म्हणजे एकूण ४८. आता मानकाची अट अशी की सर्वांत मोठी मोटर जाम झालेली असताना आणि बाकीच्या नेहमीसारख्या चालू असतानाही हा स्विच प्रवाह तोडू शकला पाहिजे. जाम मोटर सातपट घेते असं धरलं तर २०३ अधिक १९, म्हणजे २२२ अँपिअर. एसी-२२ वर्गाचा ६३ अँपिअरचा स्विच त्याच्या तिप्पट, म्हणजे १८९ अँपिअरच तोडू शकतो. तो कमी पडला. एसी-२३ वर्गाचा ६३ अँपिअरचा स्विच आठपट, म्हणजे ५०४ अँपिअर तोडतो. दोन्ही स्विच दिसायला सारखे, पण पहिला नेमक्या गरजेच्या क्षणी दगा देईल.

आणखी दोन गोष्टी. स्विच-डिस्कनेक्टर शॉर्टसर्किटपासून संरक्षण देत नाही. त्याच्या मागे कोणता फ्यूज किंवा ब्रेकर असायला हवा ते कॅटलॉगमध्ये दिलेलं असतं, तेवढं पाळा. दुसरं म्हणजे मोकळ्या हवेतला आकडा आणि बंद पेटीतला आकडा वेगळा असतो. पॅनेलच्या आत सगळ्यात गरम भाग वरचा, आणि मेन स्विच बहुधा तिथेच असतो. ड्राइव्हच्या पंख्याची गरम हवा थेट स्विचवर जाईल अशी मांडणी करू नका.

पायरी २: उंची

आयईसी ६०२०४-१ म्हणतं की हँडल सर्व्हिसिंगच्या पातळीपासून ०.६ ते १.९ मीटरच्या मध्ये असावं, आणि वरची मर्यादा १.७ मीटर ठेवावी अशी शिफारसही करतं. अमेरिकी नियमांमध्ये मोजण्याची पद्धत वेगळी आहे: हँडल सर्वांत वरच्या स्थितीत असताना त्याच्या पकडीचा मध्य २.० मीटरपेक्षा, म्हणजे ६ फूट ७ इंचांपेक्षा, वर नको.

सर्व्हिसिंगची पातळी म्हणजे माणूस जिथे उभा राहणार ती जमीन किंवा प्लॅटफॉर्म. पॅनेलचा तळ नव्हे. माझी चूक इथेच झाली होती. म्हणून ड्रॉइंगवर दोन मापं लिहा: तळापासूनचं आणि जमिनीपासूनचं. प्लिंथ किती, खाली फ्रेम येणार का, मशीनभोवती जाळीचा प्लॅटफॉर्म बसणार का, हे लेआउट गोठवण्याआधी विचारा. पॅनेल मशीनच्या अंगावर टांगायचं असेल तर हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा, कारण टांगण्याची उंची ऐनवेळी कुणीतरी भलतंच माणूस ठरवतं.

मी स्वतः १.४ ते १.६ मीटर धरतो. या उंचीवर खुणा डोळ्यांसमोर राहतात आणि कुलूप घालताना खांदा वर करावा लागत नाही. हाच स्विच आणीबाणीत मशीन बंद करण्यासाठीही वापरायचा असेल तर हीच पट्टी धरा. आयईसी ६१४३९-१ मध्ये आणीबाणीच्या साधनांसाठी ०.८ ते १.६ मीटर दिलेले आहेत.

पायरी ३: डावीकडे की उजवीकडे

इथे सवयीपेक्षा भूमिती ऐका. माउंटिंग प्लेटवर स्विच, त्यातून पुढे आलेला शाफ्ट आणि दारावर हँडल, ही सर्वांत जास्त वापरली जाणारी रचना. दार उघडताना हँडल सरळ रेषेत बाहेर येत नाही, बिजागरीभोवती वर्तुळात फिरतं. शाफ्ट बिजागरीपासून १०० मिलिमीटरवर असेल तर हँडल २० मिलिमीटर बाहेर येईपर्यंत जवळजवळ २ मिलिमीटर बाजूला सरकतं आणि अकरा अंशांहून जास्त तिरकं होतं. तोच शाफ्ट ५०० मिलिमीटरवर असेल तर सरकणं अर्ध्या मिलिमीटरहून कमी आणि तिरकेपणा सव्वादोन अंशांच्या आसपास. म्हणून स्विच बिजागरीपासून लांबच्या बाजूला, म्हणजे दाराच्या कुलपाकडे ठेवा. दार अडतं, शाफ्ट वाकतो, हँडलमधला प्लास्टिकचा कप फुटतो, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

मात्र इतकंही टोकाला नेऊ नका की हँडलची चौकट दाराच्या रबरी गॅस्केटवर किंवा आतल्या वळणावर येईल. भोक पाडण्याआधी दाराच्या आतली बाजू बघा. स्टिफनर पट्टी नेमकी मध्ये आलेली असते.

दोन दारं असतील तर हँडल त्या दारावर हवं जे आधी उघडतं आणि शेवटी बंद होतं. दुसरं दार यांत्रिकरीत्या त्याच्याखाली अडकलेलं असलं पाहिजे. नाहीतर इंटरलॉक (स्विच चालू असताना दार उघडू न देणारी अडकण) एका दारापुरता आणि दुसरं दार चालू पुरवठ्यावर खुशाल उघडं.

आता माणसाकडे बघा. स्विच टाकताना दारासमोर छाती करून उभं राहायचं नसतं. हँडल उजव्या कडेला असेल तर पॅनेलच्या उजवीकडे उभं राहून, तोंड वळवून, डाव्या हाताने हँडल फिरवतात. आत काही फुटलं तर दार ज्या दिशेने उडेल तिथे आपण नसावं, एवढाच त्याचा अर्थ. पण यासाठी हँडलच्या बाजूला माणूस मावेल इतकी जागा हवी. पॅनेल भिंतीच्या कोपऱ्यात ढकलून उजवी बाजू बंद केली, तर उत्तम जागी बसवलेलं हँडलही समोर उभं राहूनच ओढावं लागतं. समोर किती मोकळं हवं याचे आकडे देशागणिक बदलतात. अमेरिकी संहितेत कमी व्होल्टेजलाही किमान ३ फूट खोली आणि ३० इंच रुंदी मागितलेली आहे. पॅनेल कुठे उभं राहणार त्याचा आराखडा मागून घ्या आणि त्यावर दार पूर्ण उघडलेलं काढून बघा.

पायरी ४: केबल कुठून येते

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण स्विच बंद केल्यावरही त्याचे इनकमिंग टर्मिनल जिवंत असतात. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी दार उघडून हँडल बंद दिसलं की हात बेफिकीर होतो.

शक्य तिथे येणारी केबल थेट स्विचवर आणा, मध्ये टर्मिनल स्ट्रिप नको. मानकही हेच सुचवतं. प्रत्येक मधला जोड म्हणजे बंद स्विचच्या मागे उरलेला आणखी एक जिवंत तुकडा. याच कारणाने स्विच केबल शिरते त्या बाजूच्या जवळ हवा. पॅनेलभर फिरून आलेली इनकमिंग केबल ही पॅनेलभर पसरलेली वीज असते, आणि ती कंट्रोलच्या वायरींसोबत एकाच डक्टमध्ये (वायरी नेणाऱ्या पन्हळीत) कोंबलेली असेल तर आणखी वाईट.

केबल वरून आली तर सोपं: वरच्या टर्मिनलवर इनकमिंग, खालून आउटगोइंग. पण वरच्या प्लेटमधल्या ग्लँडखाली (केबल आत घेऊन घट्ट धरणाऱ्या तोंडाखाली) नेमका स्विच येतो. साइटवर कुणी वरून भोक पाडलं तर लोखंडाचा कीस थेट टर्मिनलांवर पडतो, आणि छत गळलं तर पाणीही तिथेच. म्हणून ग्लँड स्विचच्या बरोबर डोक्यावर न ठेवता थोडा बाजूला घ्या, ग्लँड प्लेट काढता येण्याजोगी ठेवा आणि भोकं प्लेट बाहेर काढून पाडा.

केबल खालून येत असेल तर दोन रस्ते. एक, केबल कडेच्या स्वतंत्र डक्टमधून वर नेऊन वरच्या टर्मिनलवर वळवणं. दुसरा, खालून इनकमिंग आणि वरून आउटगोइंग. दुसरा रस्ता बरेच स्विच चालवून घेतात, पण कॅटलॉगमध्ये तसं लिहिलेलं असेल तरच. मी पहिला रस्ता पसंत करतो, कारण पॅनेलवर काम करणारा प्रत्येक जण ‘वरचं जिवंत’ असं धरून चालतो आणि त्याची ती सवय मोडण्यात शहाणपण नाही. खालून दिलंच तर कव्हरवर मोठ्या अक्षरांत लिहा.

वळणासाठी जागा सोडणं नवख्यांना जमत नाही. ३५ चौरस मिलिमीटरची केबल कागदावर एक रेघ असते, प्रत्यक्षात ती हट्टी असते. लगपासून (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडापासून) थोडं सरळ अंतर, मग केबलच्या कॅटलॉगमधल्या त्रिज्येचं वळण, आणि मग डक्ट. ही जागा नसली की वायरमन जोर लावून केबल वाकवतो आणि तो ताण कायमचा टर्मिनलच्या स्क्रूवर बसतो. ढिला स्क्रू तापतो, काळा पडतो. एमसीसीबी (मोल्डेड केस सर्किट ब्रेकर) वापरत असाल तर त्याच्या वर आर्कचे वायू बाहेर पडण्यासाठी सांगितलेलं अंतरही मोकळं सोडा. त्या जागेत डक्ट किंवा नंगा बसबार नको.

इनकमिंग टर्मिनलांवर पारदर्शक किंवा रंगीत कव्हर हवंच, बोट शिरणार नाही असं, म्हणजे आयपी या संरक्षणाच्या वर्गवारीतलं आयपी२एक्स किंवा आयपीएक्सएक्सबी. त्यावर पिवळ्या त्रिकोणातली काळी वीज आणि एक ओळ: ‘मेन स्विच बंद असतानाही येथे वीज असते’. बाहेरून येणाऱ्या अर्थच्या वायरीचं पीई (संरक्षक अर्थ) टर्मिनल याच फेज टर्मिनलांच्या शेजारी ठेवा. अर्थ कधीही स्विचमधून तोडायची नसते.

पायरी ५: हँडल, शाफ्ट आणि दार

हँडलला एक बंद आणि एकच चालू स्थिती हवी, शून्यासारखा गोल आणि उभी रेघ या खुणांनी दाखवलेली. बंद स्थितीत कुलूप घालता आलं पाहिजे. काम करणारे तिघे असतील तर तिघांची तीन कुलुपं मावतील असं हँडल घ्या. रंग काळा किंवा करडा. लाल हँडल आणि पिवळी पाटी फक्त तेव्हाच, जेव्हा तो स्विच आणीबाणीसाठीही आहे. सगळीकडे लाल-पिवळं लावायची हौस टाळा.

शाफ्ट कापताना पॅनेल उभं असू द्या आणि दार खरोखर बंद करून माप घ्या. आडव्या पॅनेलवर घेतलेलं माप दाराच्या वजनाने उभ्यावर चुकतं. लांब शाफ्टचं टोक झुकतं, त्याला आधाराची कडी मिळते, ती बसवा.

चालू स्थितीत दार उघडू नये हा इंटरलॉक. पण दोष शोधायला कधीतरी पुरवठा चालू ठेवून दार उघडावं लागतं, म्हणून हँडलवर स्क्रूड्रायव्हरने सोडवायची सोय असते. इथे एक सापळा आहे. दार उघडलं की हँडल दारासोबत जातं आणि आत नुसता चौकोनी दांडा उरतो. त्या क्षणी आत काही जळायला लागलं तर बंद कशाने करणार? पक्कड शोधायची? मानक सांगतं की इंटरलॉक सोडवलेला असतानाही स्विच कधीही बंद करता आला पाहिजे आणि बंद स्थितीत कुलूप लागलं पाहिजे. अमेरिकी मशीन-मानकात तर वेगळं अवजार न लागता हे व्हायला हवं. म्हणून शाफ्टवर आतलं छोटं हँडल बसवा. ते बसवायला स्विचभोवती बोटं फिरतील इतकी जागा मात्र लागते, आणि ती लेआउटच्या वेळीच सोडायची. दार पुन्हा लावल्यावर इंटरलॉक आपोआप पूर्ववत झाला पाहिजे.

थेट दारावर बसवलेला स्विच छोट्या पॅनेलला चालतो आणि स्वस्त पडतो. माझा त्याला विरोध एवढ्यासाठीच की जिवंत इनकमिंग वायरी दर वेळी दारासोबत बिजागरीवर वाकतात. कडेच्या भिंतीवर बसवलेला स्विच या दोन्ही कटकटींतून सुटतो, पण मग त्या बाजूला दुसरं पॅनेल चिकटवता येत नाही.

पायरी ६: स्विचच्या आधून घेतलेल्या वायरी

पॅनेलमधला दिवा आणि सर्व्हिसचा सॉकेट मेन बंद असतानाही चालू हवेत, म्हणून त्यांची वायर स्विचच्या आधून घेतात. चालतं, पण त्यांना स्वतःचं संरक्षण आणि स्वतःचा आयसोलेटर द्या, त्या वायरी नारिंगी रंगाच्या वापरा, वेगळ्या न्या आणि मेन स्विचजवळ पाटी लावा. दुसऱ्या पॅनेलमधून इंटरलॉकसाठी आलेले सिग्नलही याच जातीचे. आपला मेन बंद, आणि टर्मिनल स्ट्रिपवर शेजारच्या मशीनचे २३० व्होल्ट उभे! त्या वायरीही नारिंगी.

पॅनेलला दोन पुरवठे असतील तर दोन आयसोलेटर, शक्यतो शेजारी शेजारी, आणि प्रत्येकाच्या पाटीवर दुसऱ्याचा उल्लेख.

पायरी ७: मोटरजवळचा आयसोलेटर

पॅनेल लांब असेल आणि मोटरपासून दिसत नसेल तर मोटरजवळ वेगळा आयसोलेटर देतात. अमेरिकी संहितेत ‘नजरेच्या टप्प्यात’ म्हणजे दिसणारं आणि ५० फुटांच्या आतलं. तो मोटरच्या फिरत्या भागावरून हात न नेता पोचेल असा बसवा.

मोटर ड्राइव्हवर असेल तर हा स्विच ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये येतो. चालू प्रवाहात तो उघडला तर ड्राइव्ह ट्रिप होतो, प्रसंगी खराबही होतो. त्यासाठी मुख्य संपर्कांच्या आधी उघडणारा सहायक संपर्क असलेला स्विच घ्या आणि तो संपर्क ड्राइव्हच्या एनेबल इनपुटला जोडा. मोटरची केबल शील्डवाली असेल तर पेटी धातूची घ्या आणि शील्ड दोन्ही ग्लँडांवर पूर्ण गोलाईने पकडा.

पायरी ८: पुरवठा देण्याआधी आणि नंतर

आधी पुरवठ्याशिवाय. हँडल चालू करा, दार ओढा: उघडता कामा नये. बंद करा: सहज उघडायला हवं. कुलूप घाला आणि हँडल जोर लावून फिरवून बघा. बंद स्थितीत प्रत्येक पोलवर मल्टीमीटरने सातत्य तपासा: ते नसावं; चालू स्थितीत पुन्हा तपासा: ते असावं. स्क्रू कॅटलॉगच्या टॉर्कने आवळा आणि मार्करची रेघ ओढा. जमिनीपासून हँडलची उंची टेपने मोजा, साइटवर, पॅनेल अंतिम जागी उभं राहिल्यावर.

मग पुरवठा द्या आणि मेन बंद ठेवूनच पॅनेलभर टेस्टर फिरवा. आधी टेस्टर जिवंत ठिकाणी तपासा, मग आउटगोइंग बाजूचे सगळे फेज एकमेकांत आणि अर्थशी, मग टेस्टर पुन्हा जिवंत ठिकाणी. अनपेक्षित ठिकाणी वीज सापडली तर ती वायर नारिंगी आहे का आणि पाटीवर लिहिलेली आहे का ते बघा. नसेल तर ड्रॉइंग आणि पॅनेल यांत कुठेतरी तफावत आहे, ती आजच सोडवा.

मेन चालू करून पुन्हा बंद केल्यावर ड्राइव्हमधले कपॅसिटर भरलेले राहतात. ६० व्होल्टच्या खाली यायला पाच सेकंदांहून जास्त लागत असतील तर किती थांबायचं याची पाटी लागते. ड्राइव्हवर बहुधा काही मिनिटं लिहिलेली असतात. ती पाटी ड्राइव्हच्या अंगावर आतच राहू देऊ नका. बाहेर, मेन स्विचच्या हँडलशेजारी आणखी एक लावा, म्हणजे दार उघडायच्या आधीच वाचली जाईल.